थायरॉइडचा पडदा आणि यकृताचे दुखणे

आमच्या धर्मग्रामात अलीकडे एक शब्द फार रुळला आहे. घरभेटीला गेलो आणि कोणी खाटेवर पडलेले दिसले, म्हणून चौकशी केली की उत्तर ठरलेले असते, “काही नाही फादर, ह्यांना जरा थायरॉइड आहे.” अंगावर सूज असो, थकवा असो, भूक मेलेली असो की माणूस दिवसभर झोपून राहात असो, कारण एकच. खरोखर थायरॉइडचा विकार असलेले लोक, विशेषतः स्त्रिया, आपल्यात पुष्कळ आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण या नावाची एक सोय झाली आहे, तीही आम्हाला दिसते. थायरॉइड म्हटले की त्यात लाज नाही. लिव्हर म्हटले की शेजारीपाजारी लगेच बाटलीकडे पाहतात. मग यकृताच्या दुखण्यावर थायरॉइडचा पडदा ओढला जातो. हा पडदा जिवावर बेतणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि आज त्याविषयीच लिहावयाचे आहे.

आमच्याच भागातील एका भात पिकवणाऱ्या शेतकरीबांधवाची गोष्ट आहे. वय पन्नाशीचे. थकवा, पायांवर सूज, पोट जड. तालुक्याच्या गावी रक्त तपासले, तर टी-३ कमी आले. घरात पत्नीला पूर्वीपासून थायरॉइडची गोळी चालू होती. दोघांनी मिळून ठरवले की एकच आजार, एकच गोळी. दोन महिने त्यांनी तिच्याच बाटलीतल्या गोळ्या घेतल्या. छातीत धडधड होऊ लागली, दंड बारीक होत गेले आणि पोट मात्र वाढत गेले. शेवटी श्वास लागला तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले. पोटातून कित्येक लिटर पाणी काढावे लागले आणि सोनोग्राफीत सिऱ्होसिस निघाला. वाईट याचे वाटते की त्या पहिल्या कागदावरच टी-३ च्या खाली टीएसएच छापलेले होते आणि ते अगदी योग्य मर्यादेत होते. ते कोणी पाहिले नाही, आणि ते सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी काय पितात, हे डॉक्टरांना कोणी सांगितले नाही.

यकृत बिघडले की थायरॉइडचे आकडे का बिघडतात, हे आपल्या भातशेतीच्या भाषेत सांगता येते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ नावाचा रस तयार करते. हे झाले गिरणीत न नेलेले भात. ते कणगीत भरपूर असले तरी तसेच शिजवून खाता येत नाही. टी-४ च्या प्रत्येक रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला नेमका एक काढला की टी-३ होतो आणि शरीराच्या खऱ्या उपयोगाचा तांदूळ तोच. रोज लागणाऱ्या टी-३ पैकी सुमारे ८० टक्के ग्रंथीच्या बाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी कांडला जातो, आणि यकृत ही त्यातली एक मोठी गिरणी. यकृतात जागोजागी व्रण पडून ते कठीण झाले की गिरणी मंदावते. त्यातही कधी चुकीच्या बाजूचा अणू निघतो आणि ‘रिव्हर्स टी-३’ नावाचा, जवळजवळ निरुपयोगी माल तयार होतो. कोंडाच म्हणा ना.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. हे रस रक्तातून हिंडतात ते प्रथिनांच्या गाडीत बसून, आणि त्या गाड्याही बहुतांशी यकृतच बांधते. सिऱ्होसिसमध्ये अल्ब्युमिनसारखी प्रथिने कमी झाली की एकूण टी-४ चा आकडाही कमी भरू शकतो, मग ग्रंथी बिचारी निरोगी का असेना. म्हणूनच जाणते डॉक्टर एकूण टी-४ पेक्षा ‘फ्री टी-४’ आणि टीएसएच मागवतात.

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी बसलेल्या मुकादमाची हाक. थायरॉइड ग्रंथी स्वतः आजारी पडून काम करीनाशी झाली की हा मुकादम मोठमोठ्याने ओरडू लागतो, म्हणजे टीएसएच वाढते. यकृताच्या रुग्णात टी-३ कमी असूनही मुकादम बहुधा शांत असतो. तेव्हा टीएसएच वाढलेले व फ्री टी-४ घटलेले असेल तर दुखणे ग्रंथीचे. टीएसएच ठीक आणि नुसते टी-३ कमी असेल तर दुखणे दुसरीकडे शोधावे. डॉक्टर याला ‘लो टी-३ सिंड्रोम’ म्हणतात. तो यकृताच्याच नव्हे, तर कोणत्याही मोठ्या आजारात दिसतो.

यकृत जितके अधिक खचलेले तितके टी-३ खाली, असे डॉक्टरांना वारंवार आढळले आहे. याचा अर्थ हा आकडा निरर्थक नाही, तो धोक्याचा बावटा आहे. मात्र बावटा खाली उतरवल्याने धोका टळत नाही. अशा रुग्णाला बाहेरून थायरॉइडची गोळी देऊन तो सुधारतो, हे सिद्ध झालेले नाही. दुष्काळात आपण बैलांना कामावरून सोडतो आणि वैरण पुरवून वापरतो, तसे आजारी शरीर मुद्दामच आपला खर्च आवरते, असे काही तज्ज्ञ मानतात. सगळ्यांचे त्यावर एकमत नाही. ते काही असो, दावणीच्या अशक्त बैलाला चाबूक मारून नांगराला जुंपण्यात शहाणपणा नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

‘सिऱ्होसिस’ हा शब्द १८१९ साली फ्रान्सच्या लेनेक या डॉक्टराने दिला. स्टेथॉस्कोप शोधून काढणारा तोच हा लेनेक, ब्रिटनी प्रांतातला, श्रद्धावान कॅथलिक. कापलेल्या यकृताचा पिवळट तपकिरी रंग पाहून त्याने त्या रंगाचा ग्रीक शब्द घेतला. ‘थायरॉइड’ हे नावही ग्रीकच. १६५६ साली व्हार्टन या इंग्रज वैद्याने ते ‘थिरेओस’ म्हणजे मोठी ढाल या शब्दावरून ठेवले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल विश्वासाला ढालीची उपमा देतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. सेमिनरीत गिरवलेले ग्रीक असे कधी कधी रक्ताच्या रिपोर्टावर भेटते. असो.

हे वाचून कोणी उद्या थायरॉइडची गोळी बंद करील, तर आमच्या लिहिण्याचा उलटाच परिणाम होईल. ज्याचा थायरॉइड खरोखर मंद आहे त्याने गोळी सोडू नये, यकृत बिघडलेले असले तरी सोडू नये. मंद थायरॉइडमुळे बद्धकोष्ठ होते, आणि सिऱ्होसिसच्या रुग्णाला बद्धकोष्ठ फार वाईट. आतड्यात साठलेले विषारी द्रव्य यकृताला निवारता येत नाही आणि ते मेंदूवर जाते. माणूस रात्री जागतो, दिवसा झोपतो, असंबद्ध बोलतो, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात. अशा माणसाला ‘पिऊन पडला आहे’ म्हणून घरात कोंडून ठेवलेले आम्ही पाहिले आहे, आणि ‘बाधा झाली, फादर, तीर्थ शिंपडा’ म्हणून बोलावणेही आम्हाला आले आहे. प्रार्थना आम्ही जरूर करू. पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली तर एक तासही घरी थांबू नये.

थायरॉइड अति वेगाने चालला तरीही यकृताला त्रास होतो, कधी कावीळसुद्धा होते. त्यावरची कार्बिमेझोलसारखी औषधेही क्वचित यकृतावर उतरतात. ती घेणाऱ्याचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांनी तर थायरॉइड आणि यकृत, दोन्हींवर लक्ष ठेवले पाहिजे. सूज ओळखण्याची एक साधी खूणही सांगून ठेवतो. नडगीवर अंगठा दाबून धरा. खळगा पडून तसाच राहिला तर ते पाणी साठल्याचे लक्षण आहे, आणि यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचा तपास हवा. मंद थायरॉइडची खास सूज बहुधा रबरासारखी घट्ट असते, तिच्यात खळगा राहत नाही.

आता त्या लाजेविषयी. सिऱ्होसिस फक्त दारूने होतो, ही समजूत चुकीची आहे. कावीळ ब आणि कावीळ क या विषाणूंनी तो होतो. मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणाऱ्या चरबीयुक्त यकृतातूनही होतो. शरीर आपल्याच यकृतावर उलटते तेव्हाही होतो, आणि हा प्रकार स्त्रियांत अधिक. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस नावाचा एक विकार आहे. त्यात अंगाला सतत खाज सुटते, थकवा येतो, आणि अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणींना थायरॉइडचाही त्याच जातीचा विकार जडलेला असतो. म्हणजे तिथे यकृत आणि थायरॉइड खरेच एका दुखण्याचे दोन बळी असतात. ज्या बाईने आयुष्यात क्रिस्तप्रसादाशिवाय द्राक्षारसाला ओठ लावला नाही, तिच्या यकृताचे नाव निघताच मंडळी खालच्या आवाजात बोलू लागतात, हे आमच्या ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजाला शोभत नाही. अशा कुजबुजीच्या भयानेच लोक निदान लपवतात. काविळीच्या ब आणि क या दोन्ही प्रकारांची तपासणी व औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत आहेत. कावीळ क तर बहुतेकांची १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. पूर्वी तिच्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत आणि त्यांनी काही जणांचा थायरॉइडच बिघडे. ते दिवस गेले.

जेवणाविषयी आम्हाला अधिक बोलायचे आहे, कारण तिथे आमच्या माताभगिनींचे प्रेमच आड येते. यकृताचा आजार म्हटला की घरात तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, अंडे तर नावही काढू नये. उरते काय, पेज आणि उसाचा रस. उपासमार झाली की निरोगी माणसाचेही टी-३ काही दिवसांत खाली येते. आधीच मंद झालेली गिरणी, त्यात धान्यच नाही. सिऱ्होसिसच्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात, त्याला प्रथिने जास्त हवीत, वजनाच्या दर किलोला रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम. डाळ, दूध, दही, अंडी, मासळी हे सारे त्याला चालते, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. रात्रभर पोट रिकामे राहू नये म्हणून निजण्यापूर्वी दूध-भाकरी, दशमी असे काहीतरी खावे. प्रायश्चित्तकाळातील उपवास आजाऱ्याला बंधनकारक नाही, हे आम्ही धर्मगुरू या नात्याने इथे लिहून देतो. राखेच्या बुधवारी पोटात पाणी झालेला माणूस उपाशी बसला तर त्याने पुण्य जोडले, असे कोणी समजू नये.

मिठाचेही असेच. पोटात पाणी झाले की डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. मग कोणीतरी सांगतो, साधे मीठ सोडा, सैंधव चालते. सैंधवातही सोडियम तेच आहे, त्यामुळे पाणी कमी होत नाही. शिवाय ते पुष्कळदा आयोडीनविना असते, आणि प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. घरभर सैंधव चालू केले तर एकाचे यकृत सुधारायचे नाही आणि बाकीच्यांचे गळे मात्र धोक्यात यायचे. मीठ साधे, आयोडीनयुक्तच आणावे, आणि रुग्णाच्या ताटात ते कमी वाढावे.

औषधी वनस्पतींच्या बाबतीत आमचे म्हणणे अनेकांना रुचणार नाही. गुळवेलीचा काढा थायरॉइडवर, साखरेवर, प्रतिकारशक्तीवर, सगळ्यावर घेतला जातो. कोविडच्या काळात तो रोज घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. त्यावर वाद झाला, सरकारच्या आयुष खात्याने तो निष्कर्ष मानला नाही. वादाचा निकाल आम्ही लावू शकत नाही. परंतु ज्याचे यकृत आधीच खचलेले आहे, किंवा ज्याला शरीर स्वतःवर उलटण्याच्या जातीचा थायरॉइड आहे, त्याने काढ्याचे प्रयोग स्वतःवर करू नयेत, एवढे आम्ही ठामपणे म्हणतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींनीही ते तपासणीपूर्वी सांगावे. बायोटिनने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात.

आता शेतातली बाजू. आमच्या बेळगाव भागात बटाट्यावर करपा पडला की मॅन्कोझेब फवारतात. हे बुरशीनाशक फुटून जो पदार्थ तयार होतो तो थायरॉइडच्या रसनिर्मितीला अडथळा करतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, आणि घरी येताच साबणाने आंघोळ, यात हयगय नको. फवारणीचा शीण आणि विष ‘उतरवायला’ संध्याकाळी दोन घोट लागतात, असे म्हणणारेही आम्हाला भेटतात. विष दारूने उतरत नाही. यकृताला मात्र एकाच दिवशी दोन पाहुणे सांभाळावे लागतात. भुईमूग आणि मका ओलसर साठवले की त्यांवर बुरशी येते, आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष सरळ यकृतावर जाते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या दाहाने दगावली. ते बहुतेक गरीब आदिवासी शेतकरी होते. चांगल्या शेंगा बाजाराला आणि काळवंडलेल्या घरच्या चटणीला, ही आपली रीत यासाठीच सोडली पाहिजे. काळा पडलेला दाणा भाजल्याने निर्विष होत नाही.

आणि शेवटी बाटली. काजूच्या हंगामात उर्राक येते, सणाला फेणी येते, लग्नाला तर विचारूच नका. पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला होता, हे आमच्या लोकांना बायबलातील इतर सर्व ओळींपेक्षा चांगले पाठ आहे. तिमथ्याला सिऱ्होसिस होता असे मात्र कोठे लिहिलेले नाही. ज्याला तो झाला आहे त्याच्यासाठी ‘थोडी’ असे माप नाही, ती पूर्ण बंद. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस बंद ठेवून ईस्टरच्या दुपारी सगळी वसुली करणाऱ्यांना यकृत काही हिशेब मांडून सूट देत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर थरकाप, भ्रम, आकडीसुद्धा येऊ शकते. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि डॉक्टरांना माप खरे सांगावे. पापनिवेदनाच्या खुर्चीत जे सांगता ते आमच्याजवळच राहते, त्याने औषध बदलत नाही. औषध बदलते ते डॉक्टरांना सांगितल्याने, आणि तेही कोणाला सांगत सुटत नाहीत.

अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. ते यकृतातल्या थायरॉइडच्या खुणेवर काम करते आणि चरबीमुळे व्रण पडू लागलेल्या यकृतासाठी आहे, सिऱ्होसिस होण्यापूर्वीच्या अवस्थेत. ही बातमी मोबाइलवर फिरून ‘थायरॉइडची गोळी लिव्हरला चालते’ अशी झालेली आम्ही ऐकली. ते औषध वेगळे आणि आपल्या कपाटातली गोळी वेगळी.

आरोग्य शिबिरांत स्वस्तात थायरॉइड तपासून देतात आणि लोक रांगा लावतात. आमचे म्हणणे आहे की चाळिशी ओलांडलेल्या, पिणाऱ्या, मधुमेही वा घरात काविळीचा इतिहास असलेल्या माणसाने तेवढ्यावर थांबू नये. अल्ब्युमिन, प्लेटलेट, यकृताची एंझाइमे, कावीळ ब व क यांची तपासणी आणि डॉक्टर म्हणतील तर सोनोग्राफी करून घ्यावी. एंझाइमे ठीक आली म्हणून सिऱ्होसिस नाहीच असे होत नाही, प्लेटलेट कमी असतील तर त्याकडे दुर्लक्ष नको. आमच्या सभागृहात पुढचे शिबिर होईल तेव्हा या तपासण्या त्यात असाव्यात, असा आग्रह आम्ही धर्मग्राम समितीकडे धरला आहे. येणाऱ्यांनी जुने सारे रिपोर्ट आणावेत, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणाव्यात, कोणाच्या नावाच्या आहेत ते न पाहता. पुरुषांबरोबर घरातील एक बाईमाणूस यावे. माप विचारले की बहुधा तीच खरे सांगते.